ऑस्ट्रेलियातले रोजच्या बातम्यांचे पॉडकास्ट: तुम्ही काय ऐकता, कधी ऐकता?

चांदणवेल (मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा तारनीट स्टेशनवर एक मुलगी भेटली. नागपूरची, इथे येऊन तीन महिने झालेले. गाडी उशिरा होती म्हणून गप्पा रंगल्या. मुंबईत कुठला आमदार कुठे गेला ते तिला तारखेवार माहीत होतं, पण आपण राहतो त्या व्हिक्टोरिया राज्याचा कारभार कोणाच्या हातात आहे ते तिला सांगता येईना. तिला नावं ठेवायला हे लिहीत नाही. मी २०१४ साली आले तेव्हा माझंही अगदी हेच होतं, आणि पुढे चार-पाच वर्षं तसंच राहिलं, म्हणून लिहिते आहे.

मी इथे नोकरी करत होते, कर भरत होते आणि बातम्या मात्र मिरज-सांगलीच्या वाचत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये एका आठवड्यात देशाचा पंतप्रधान बदलला. टर्नबुल गेले, मॉरिसन आले, आणि मधे निवडणूक वगैरे काहीच झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे 'स्पिल, स्पिल' म्हणत होते. पक्षाचे खासदारच आपल्या खोलीत मतदान करून नेता बदलू शकतात आणि त्यालाच स्पिल म्हणतात, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. विचारायची लाज वाटली. डबा संपवून जागेवर जाऊन बसले, ती दुपार अजून आठवते.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये एबीसी या इथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 'कोरोनाकास्ट' हे पॉडकास्ट सुरू केलं. डॉ. नॉर्मन स्वान रोज दहा-बारा मिनिटांत लोकांच्या शंका घेऊन उत्तरं द्यायचे. मेलबर्नचा तो ११२ दिवसांचा लॉकडाऊन इथल्या लोकांना आठवत असेलच. घरापासून पाच किलोमीटर, त्यापुढे जायचं नाही, रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही. दिवसातून एकदा मिळणारं ते फिरणं मी स्केलेटन क्रीकच्या कडेने करायचे, कानात स्वान. जाताना एक भाग, येताना आदल्या दिवशीचा राहिलेला. तिथून मला रोज ऐकायची सवय लागली.

आता गाडीत बसले की एबीसीचं 'न्यूज डेली' लावते, नाहीतर 'सेव्हन एएम'. तारनीटला लावलं की सनशाइन येईपर्यंत भाग संपतो. या दोन्हींची एक गोष्ट मला फार आवडते. दिवसाला विषय एकच, आणि निवेदिका पत्रकाराला अगदी पायाचा प्रश्न विचारते: हे मुळात सुरू कुठून झालं? वर्तमानपत्र धरून चालतं की तुम्हाला मागचं सगळं माहीत आहे. जो माणूस या देशात वयाच्या तिशीत आला त्याला मागचं काहीच माहीत नसतं. त्याला हा पायाचा प्रश्न कोणीतरी आपल्यासाठी विचारावा लागतो.

दोन उदाहरणं देते.

मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा व्याजदर वाढवला. ०.१० टक्क्यावरून ४.३५ टक्क्यांवर. तेराव्यांदा वाढवला तो ७ नोव्हेंबरला, नेमका मेलबर्न कप या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी दुपारी अडीच वाजता. आमचं घरकर्ज तोवर दोन वर्षांच्या स्थिर दरावर होतं. 'मॉर्गेज क्लिफ' म्हणजे स्थिर दराची मुदत संपली की हप्ता एकदम कड्यावरून पडल्यासारखा कसा बदलतो, हे मी गाडीत उभ्याने ऐकलं. त्याच संध्याकाळी कर्जाची कागदपत्रं काढून बसलो. आमची मुदत संपायला चार महिने होते. ते चार महिने हातात होते म्हणून आम्ही आधीच काटकसर सुरू केली, दुसरीकडचे दर विचारले. नाहीतर बँकेचं पत्र आल्यावरच कळलं असतं.

दुसरं उदाहरण माझ्या पहिल्या मताचं. जानेवारी २०२३ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि पहिलंच मतदान आलं ते १४ ऑक्टोबरच्या सार्वमताचं. मूलनिवासी लोकांचा 'व्हॉइस', म्हणजे संसदेला सल्ला देणारं त्यांचं मंडळ, राज्यघटनेत असावा की नसावा. मूलनिवासींबद्दलच्याच १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले होते, हे मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. घटना बदलायला देशभरात बहुमत लागतंच, शिवाय सहापैकी चार राज्यांतही लागतं, हेही तेव्हाच कळलं. एबीसीने फ्रॅन केली आणि कार्ली विल्यम्स यांचं खास या विषयावरचं पॉडकास्ट काढलं होतं. मी त्याचे भाग दोनदोनदा ऐकले. निकाल 'नाही' लागला, सहाही राज्यांत. पण शाळेच्या त्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून मी जे लिहिलं ते समजून लिहिलं.

तर सांगा. तुम्ही काय ऐकता? घरातल्या ज्येष्ठांना काय ऐकवता? मला त्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी आहे.

निखिल_पॅरामॅटा

धागा आवडला. मी 'द स्क्विझ टुडे'वाला. दहा मिनिटांत सगळ्या ठळक बातम्या. पहाटेच येतं, मुलाचा डबा भरताना ऐकून होतं. एका विषयावर पंधरा मिनिटं द्यायची तर तो विषय माझ्या कामाचा नसला की दिवस वाया. शनिवार-रविवार वेळ मिळाला तर गार्डियनचं 'फुल स्टोरी'.

माझी पुतणी एकोणीस वर्षांची आहे, इथेच जन्मलेली. ती आणि तिच्या मैत्रिणी 'द डेली ऑस'शिवाय काही ऐकत नाहीत. दोन तरुण मित्रांनी इन्स्टाग्रामवर सुरू केलेलं पान होतं ते, आता रोजचं पॉडकास्ट आहे. निवडणुकीच्या वेळी घरी जेवताना तिने आम्हाला प्रेफरन्स, म्हणजे मतपत्रिकेवर उमेदवारांना द्यायचे पसंतीक्रम, समजावून सांगितले.

जुनाजाणता (ॲडलेड)

मी १९८६ साली आलो. तेव्हा आमच्या घरात सकाळचं घड्याळ म्हणजे एबीसीचं पावणेआठचं बातमीपत्र. आधी ती 'मॅजेस्टिक फॅनफेअर'ची धून, मग पंधरा मिनिटं बातम्या. ती सुरू झाली की मुलांनी बूट घालायला घ्यायचे, संपली की गाडीत बसायचं. १९३९ पासून चालू असलेलं ते बातमीपत्र २०२० मध्ये पैसे कमी पडतात म्हणून बंद केलं. पत्नी त्या सकाळी म्हणाली, घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय.

पुण्यात असताना आमच्याकडे सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या अशाच लागायच्या. वडील दाढी करताना, आई चहा गाळताना, आम्ही दप्तर भरताना. बातमी एकच आणि ऐकणारं घर अख्खं. बातमी संपली की वडील काहीतरी बोलायचे, आई उत्तर द्यायची, आणि आम्हाला त्यातून जग कळायचं.

पॉडकास्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः ऐकतो. पण प्रत्येकाच्या कानात वेगळं काहीतरी चालू असतं, घरात त्याबद्दल बोलणं होत नाही. चांदणवेल, तुम्ही गाडीत ऐकता ते संध्याकाळी घरी कोणाला सांगता का? हे मनापासून विचारतो आहे.

आणखी एक. एबीसीच्या 'पीएम' कार्यक्रमाचे मार्क कॉल्विन २०१७ मध्ये गेले. ज्यांना चांगली मुलाखत कशी घेतात ते शिकायचं असेल त्यांनी त्यांच्या जुन्या मुलाखती मिळाल्या तर ऐकाव्यात. प्रश्न छोटा, आवाज शांत, आणि समोरच्याला सुटायला जागा नाही.

चांदणवेल

काका, खरं सांगायचं तर नाही सांगत. तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं. नवरा त्याच्या गाडीत 'द ब्रीफिंग' ऐकतो, मी व्हीलाइनच्या रेल्वेत माझं, आणि रात्री जेवताना आम्ही शाळा आणि भाजी यावरच बोलतो. आजपासून बदलते.

खाणवाला (पिलबरा / पर्थ)

मी चंद्रपूरचा. तिथे कोळशात होतो, इथे लोखंडाच्या खाणीत. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा पर्थला घरी, इथे याला स्विंग म्हणतात. कॅम्पवरून खड्ड्यापर्यंत बस जाते, पहाटे साडेचार-पाचची. रस्त्यात नेटवर्कचा पत्ता नसतो. त्यामुळे उठल्या उठल्या कॅम्पच्या वायफायवर भाग उतरवून घ्यायचा आणि बसमध्ये ऐकायचा. सिडनीत सकाळचे सात म्हणजे आमचे पाच, उन्हाळ्यात तर चार. आमच्याकडची माणसं उठायच्या आधी माझ्या फोनमध्ये पूर्वेकडची सकाळ आलेली असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी घड्याळ पुढे-मागे करायला चार सार्वमतांत नकार दिलाय, तेव्हा हे असंच राहणार.

माझी तक्रार एकच आणि ती मनातली आहे. या रोजच्या पॉडकास्टांमध्ये देश म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि कॅनबेरा. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळाने कालबारी गाव झोडपलं. आमच्या कॅम्पवरच्या एका माणसाच्या मावशीच्या घराचं छप्पर गेलं होतं. तो रोज सकाळी फोन हातात घेऊन बघायचा की आज तरी कोणी त्या गावाबद्दल सविस्तर बोललंय का. एक-दोन दिवस उल्लेख, मग विषय बदलला. गाव उभं राहायला पुढे किती काळ गेला ते त्याच्या तोंडूनच आम्हाला कळत राहिलं.

पण बसमधल्या चाळीस जणांत मी एकटा मराठी असताना मला इथल्या गोष्टीत बोलता येतं ते या ऐकण्यामुळेच. पहिल्या वर्षी मी मुका होतो.

केतकी_ब्रिस्बेन

चांदणवेलताई, तुमच्या प्रत्येक शब्दाला +१, पण एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. संकटात पॉडकास्टवर विसंबू नका.

मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळ आमच्याकडे यायचं होतं. आज येणार, उद्या येणार करत दिवसावर दिवस गेले. डेपोवरून वाळूच्या गोण्या आणल्या, दाराला लावल्या. बाथटब पाण्याने भरून ठेवला. मी रोज सकाळी बातम्यांचं पॉडकास्ट ऐकत होते, पण ते आदल्या रात्री तयार झालेलं. वादळ त्यात समुद्रात असायचं आणि बाहेर पाहिलं तर त्याने दिशा बदललेली. शेवटी वीज गेली. आमच्या भागात फोनही धड लागेना. तेव्हा कामाला आला शेजारच्या आजींचा सेल घालायचा ट्रान्झिस्टर. त्यावर एबीसीचं स्थानिक केंद्र: कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत आसरा, ओहोळाचं पाणी कुठवर आलं. आजी आमच्या स्वयंपाकघरात, मधे रेडिओ, एक मेणबत्ती. मी त्यांना गॅसवर पोहे करून दिले.

लिस्मोरला २८ फेब्रुवारी २०२२ ला नदी १४.४ मीटरवर गेली, लोक छपरांवर चढून बसले होते. अशा वेळी पंधरा मिनिटांचा सुंदर बांधलेला भाग काय करणार? तो नंतर ऐकायचा, असं का झालं ते समजून घ्यायला. प्रत्येक घरात एक सेलवरचा रेडिओ ठेवा. तीस-चाळीस डॉलरचा येतो. आई-वडील आले की त्यांना आधी तो लावायला शिकवा.

चांदणवेल

केतकी, पटलं. मी रेडिओ आजच आणते.

यावरून १८ फेब्रुवारी २०२१ आठवला. बातम्यांचे पैसे माध्यमांना द्यायचे की नाही या वादात फेसबुकने ऑस्ट्रेलियातल्या बातम्या बंद केल्या, आणि त्या झपाट्यात हवामान खात्याचं पान आणि काही राज्यांच्या आरोग्य खात्यांची पानंही कोरी झाली. तेही साथ चालू असताना. आमच्या सोसायटीतले बरेच लोक बातम्या फक्त फेसबुकवर वाचायचे. त्या आठवड्यात मी आठ-दहा जणांच्या फोनवर एबीसी लिसनचं ॲप घालून दिलं. त्यातल्या तिघी अजून ऐकतात.

सुमेध_कायदा (मेलबर्न)

मी वकिलाच्या कचेरीत काम करतो, म्हणून एका वेगळ्या बाजूने लिहितो.

गेल्या वर्षी मशरूमचा खटला, जेवणात विषारी मशरूम घालून सासरच्या माणसांना मारल्याचा, सगळ्यांनी ऐकला असेल. २९ एप्रिल २०२५ ला मॉर्वेलच्या कोर्टात सुरू झाला, ७ जुलैला एरिन पॅटरसन दोषी ठरली. तीन खून आणि एक खुनाचा प्रयत्न. त्या दहा आठवड्यांत एबीसीचं 'मशरूम केस डेली' कोर्ट चालू असलेल्या प्रत्येक दिवशी यायचं. इतरांचीही होती. माझी बायको संध्याकाळी कणीक मळताना तेच लावायची.

लोकांना त्यात थरार दिसला. मला दिसली ती सावधगिरी. खटला ज्युरीपुढे चालू असताना, ज्युरीच्या कानावर जे गेलेलं नाही ते बाहेर बोलायचं नाही. आरोपी दोषी वाटते की निर्दोष, हा शब्द काढायचा नाही. चुकलं तर न्यायालयाचा अवमान होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्युरी बरखास्त करून सगळा खटला पुन्हा करावा लागू शकतो. मेलेल्यांच्या घरच्यांना पुन्हा सगळं ऐकायला लावणं. म्हणून त्या पॉडकास्टचे बातमीदार फक्त आज कोर्टात काय झालं तेवढंच सांगायचे, पण साक्षीदार कुठे थांबला, प्रश्न कसा विचारला गेला, उलटतपासणी म्हणजे काय, हे इतकं नीट सांगायचे की आमच्याकडच्या नव्या मुलांना मी ऐकायला सांगितलं.

याच्या उलट २०१८ चं 'द टीचर्स पेट' आठवा. १९८२ मध्ये नाहीशी झालेली लिनेट डॉसन. त्या पॉडकास्टने प्रकरण जगभर गाजलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये नवऱ्याला अटक झाली. पण मग तेच पॉडकास्ट खटल्याच्या आड आलं. एप्रिल २०१९ मध्ये ते ऑस्ट्रेलियात काढून घ्यावं लागलं, खटला काही महिने लांबला, आणि शेवटी ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशापुढे चालला. ऑगस्ट २०२२ मध्ये क्रिस डॉसन दोषी ठरला. निकाल लागला हे चांगलंच झालं. तरी आवाजाच्या माध्यमात किती ताकद आहे आणि ती कोणाच्या हातात कशी असावी, याचा मी तेव्हापासून विचार करतो.

पुण्याहून_अमेय

मी ऑस्ट्रेलियात नाही, बहीण कॅनबेराला आहे. एक विचारतो. तिथली माध्यमं दोन-तीन मालकांच्या हातात आहेत असं वाचलंय. मग ही पॉडकास्टं कोणाची? ऐकणाऱ्याला कळतं का?

निखिल_पॅरामॅटा

अमेय, चांगला प्रश्न. 'द फ्रंट' हे 'द ऑस्ट्रेलियन'चं, म्हणजे मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पचं. 'द मॉर्निंग एडिशन' हे 'एज' आणि 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'चं. ही दोन्ही पत्रं २०१८ च्या शेवटी नाइन या टीव्ही कंपनीकडे गेली. 'सेव्हन एएम' हे 'सॅटरडे पेपर' काढणाऱ्यांचं, 'द ब्रीफिंग' व्यावसायिक रेडिओवाल्यांचं, एबीसी आणि एसबीएस जनतेच्या पैशावर. २०२० मध्ये माजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी माध्यमांच्या मालकीवर चौकशी आयोग नेमा म्हणून अर्ज काढला, त्यावर पाच लाखांहून जास्त सह्या झाल्या. मी सही केली होती.

पॉडकास्टमध्ये कल कळतो तो बोलण्यातून कमी आणि विषयाच्या निवडीतून जास्त. एकाच आठवड्यात एकीकडे वीजदरावर तीन भाग आणि दुसरीकडे एकही नाही, असं असतं. मी महिन्यातून एक आठवडा मुद्दाम माझ्या मताविरुद्धचं ऐकतो. अवघड जातं, पण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माणूस असा का बोलतो ते समजतं.

ध्वनिवेडी (सिडनी)

मी एका छोट्या स्टुडिओत आवाजाचं संपादन करते, बातम्यांचं नाही पण काम बरंचसं सारखंच. रोजचा भाग म्हणजे रोजचं लग्नकार्य आहे हो. सकाळी विषय ठरतो, दुपारपर्यंत बोलणारा माणूस मिळवायचा, अर्धा-पाऊण तास बोलून घ्यायचं आणि त्यातून पंधरा मिनिटं काढायची. काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं यात जीव जातो. एखाद्या बाईने मुलाबद्दल बोलताना मधे तीन सेकंद घेतलेले असतात. ते कापले तर भाग घट्ट होतो. पण ते तीन सेकंदच तिचं सगळं सांगत असतात. मी ते ठेवते आणि दुसरीकडून तीन सेकंद काढते.

संध्याकाळी मोठी बातमी फुटली की सगळं टाकून नव्याने. सकाळी सहाला तुमच्या फोनमध्ये भाग असतो तेव्हा कोणीतरी रात्री उशिरापर्यंत जागलेलं असतं, एवढं ध्यानात असू द्या.

मीनाक्षी_सातारा

मुलांनो, मी निवृत्त शिक्षिका, वय ६९. माझा मुलगा, सून आणि नात सिडनीला वेस्टमीडजवळ राहतात. सुमेध आणि अमेय यांच्यासारखं माहितीपूर्ण मला लिहिता येणार नाही, पण माझा अनुभव सांगते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत रविवारच्या फोनवर आमचं बोलणं दहा मिनिटांत संपायचं. जेवलात का, पाऊस आहे का, नात कशी आहे. मुलाला त्याच्या दिवसातलं सांगावंसं वाटायचं, पण मला काही कळणार नाही म्हणून तो सोडून द्यायचा. मला ते फोन ठेवल्यावर लागायचं.

मग तिकडे गेले असताना सुनेने मला एसबीएसचं 'न्यूज इन इझी इंग्लिश' लावून दिलं. थोडक्यात असतं, सोप्या इंग्रजीत, सावकाश बोलतात. परत आल्यावरही मी सोडलं नाही. सकाळी पूजा झाली की तुळशीच्या कट्ट्याशी खुर्ची टाकून बसते. शंभर पानी वही केली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'बाय-इलेक्शन' म्हणजे पोटनिवडणूक. 'बॅकबेंचर' म्हणजे मंत्री वगैरे नसलेला साधा खासदार, तो मुलाला विचारून लिहिला. 'स्ट्राटा' हा शब्द तीनदा आला तेव्हा त्यालाच विचारलं. आपल्याकडच्या फ्लॅटच्या सोसायटीसारखं काहीतरी, तर त्यांच्या इमारतीच्या स्ट्राटा बैठकीत काय भांडण चाललंय ते त्याने अर्धा तास सांगितलं. गेल्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. घरभाडी का वाढतात यावर तो आणि मी. नात मागून ओरडली, आजीला सगळं माहीतेय!

मला तिथे मत नाही, माझं तिथे काही काम अडत नाही. पण माझी माणसं ज्या हवेत जगतात ती हवा मला कळते.

जुनाजाणता

मीनाक्षीताई, तुमचं वाचून पत्नीला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

केतकी_ब्रिस्बेन

मावशी, वहीचं एक पान इथे टाकाल का? मी माझ्या सासूबाईंना देईन.

आणि सगळ्यांसाठी, वेग पाऊणपट करता येतो. प्रत्येक ॲपमध्ये सोय असते. ऑस्ट्रेलियन उच्चार आपल्या ज्येष्ठांना त्या वेगात बरेच समजतात. ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये २०२४ पासून बोललेलं खाली लिहून येतं, तेही मोठ्या अक्षरात करून द्या.

चांदणवेल

मावशी, मिरजेला आईला फोन करून तुमचं सगळं सांगितलं. तिने वही काढली आहे.

आता ज्येष्ठांबद्दल जे मनात होतं ते लिहिते. ४ जुलै २०२० ला मेलबर्नमधल्या फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी घरांच्या नऊ इमारती कोरोनामुळे एका दुपारी बंद केल्या. सुमारे तीन हजार माणसं, खाली पोलीस. त्यातल्या अनेकांना का कोंडलंय ते त्यांच्या भाषेत वेळेवर सांगायला कोणी नव्हतं. मी तेव्हा पलीकडच्या उपनगरात बसून ऐकत होते आणि मला माझ्या सासऱ्यांचा चेहरा दिसत होता. तशी वेळ आमच्यावर आली असती तर त्यांना काय कळलं असतं? एसबीएस साठाहून जास्त भाषांत काम करतं, हिंदीतही करतं, सासरे हिंदी ऐकतात. पण आमच्या आळीतल्या चार आजींना हिंदीही जड जातं.

म्हणून ठरवलंय. दर रविवारी आठवड्याच्या इथल्या बातम्या मराठीत सांगायच्या, फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या गटात टाकायच्या. पॉडकास्ट म्हणवण्याइतकं ते मोठं नाही.

ध्वनिवेडी

कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोला, खरंच सांगते. आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब. आणि लिहून वाचू नका, मुद्दे समोर ठेवून समोर आजी बसल्यात असं समजून बोला. कापाकापी मी करून देते, शनिवारी रात्री पाठवा.

सुमेध_कायदा

कोर्टातल्या बातम्या असतील त्या आठवड्यात मला आधी ऐकवा, एवढीच विनंती.

खाणवाला (पिलबरा / पर्थ)

पश्चिमेकडची एक तरी बातमी घाला. मी दर शुक्रवारी लिहून पाठवीन.

चांदणवेल

दोन रविवार झाले, म्हणून कळवते.

पहिली ध्वनिफीत साडेआठ मिनिटांची झाली. कपाटात, नवऱ्याच्या कोटांमध्ये उभी राहून. व्याजदर, 'टोटल फायर बॅन'च्या दिवशी अंगणात शेगडी पेटवायची की नाही, आणि खाणवाल्यांनी पाठवलेली पिलबरातल्या न्यूमन गावाची बातमी. आमच्या घरी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने लावली. सासऱ्यांनी दोनदा थांबवायला सांगितलं आणि नवऱ्याशी वाद घातला. काका, तुम्हाला हे मुद्दाम सांगते आहे. नागपूरच्या त्या मुलीलाही गटात घेतलंय, तिने दुसऱ्या फितीतल्या शाळांच्या बातमीचं टिपण काढून दिलं.

गटातून सर्वांत जास्त प्रश्न आले ते मतदानाबद्दल. चौदा जणांपैकी पाच जण इथले नागरिक आहेत, मत देणं त्यांना सक्तीचं आहे, आणि व्हिक्टोरियाची निवडणूक २८ नोव्हेंबर २०२६ ला आहे. विधानसभेच्या मतपत्रिकेवर प्रत्येक चौकटीत क्रमांक लिहावा लागतो, एकही मोकळी सोडायची नाही. कुलकर्णी आजींनी सांगितलं की गेल्या वेळी दारात पक्षांचे लोक आकडे छापून वाटतात त्यातला जो पहिला कागद हातात मिळाला त्यावरून त्यांनी आकडे उतरवले. त्यांना या वेळी स्वतःचे आकडे लिहायचे आहेत.

हे फितीत सांगून जमणार नाही. येत्या रविवारी त्या पाचही जणांना घरी बोलावलंय. मी खोट्या नावांच्या दहा मतपत्रिका छापून आणल्या आहेत, नावांच्या जागी भाज्या. आजी म्हणाल्या, मग कारलं शेवटी, पण क्रमांक त्यालाही द्यायचा ना? हो, म्हटलं, त्यालाही.